कॅसेटवर साथीदारांचीही नावे हवीत

गाण्याचे वेड माणसाला कुठून कुठे नेईल, सांगता येत नाही. पुणे-नगर रस्त्यावरचे शिरूर असो की रेल्वेचे जंक्शन असलेले दौंड. इथले रसिक मैफलीसाठी पुणे गाठायचे आणि ओळखीपाळखीतून तिचे ध्वनिमुद्रणही मिळवायचे. अशाच काही घरांतल्या कॅसेट सध्या माझ्यापुढे आहेत, सगळ्या डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या. त्यांतून एक नेटका संच करायचा आहे.

वसंतराव (१९२०–१९८३) घराघरांत पोचले ते १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणून. पण त्यांचा ख्याल मैफलीतच ऐकावा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. एलपीवरही फार तर वीस-पंचवीस. म्हणून तर मैफलींच्या ध्वनिमुद्रणांना मोल आले. पुण्यात सुरेश अलुरकर यांच्या 'अलुरकर म्युझिक हाऊस'ने अशी ध्वनिमुद्रणे जाणकारीने प्रकाशित केली होती.

काम वाटते तेवढे सोपे नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि राग रंगात आलेला असतानाच फीत थांबते. त्याच मैफलीची दुसरी कॅसेट मिळाली तर तुटलेला भाग जोडता येतो. मात्र दोन यंत्रांचा वेग सारखा नसेल, तर जोडावर षड्जच हलतो. तो आधी तानपुऱ्याशी ताडून पाहावा लागतो. खरखर काढतानाही जपावे लागते. हात जड झाला की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही जाते. श्रोत्यांची दाद मात्र मी ठेवणार आहे, तीही मैफलच.

खरी अडचण वेगळीच आहे. कॅसेटवर लिहिलेले असते, 'वसंतराव – मारवा', एवढेच. तबल्यावर कोण? पेटीवर कोण? साल कोणते, गाव कोणते? १९९४च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला. तो एकट्या गायकाचा नाही, वाजवणाऱ्यांचाही आहे. संच उद्या घराबाहेर न्यायचा, तर परवानगी कुणाकडे मागायची? आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ज्याने रात्रभर ठेका धरला त्याचे नावही नसावे, हे मनाला पटत नाही.

फितीवरचा सूर यंत्र उतरवून घेईल. नावे मात्र त्या रात्री हजर असलेल्या माणसांच्याच आठवणीत आहेत, आणि ती माणसे आता थकली आहेत. तेव्हा वाचकहो, घरातल्या कॅसेट काढा, वडीलधाऱ्यांना ऐकवा आणि ते सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. जे नक्की आठवत नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. गायकाचा आवाज जाणकार उद्याही ओळखतील. साथीदाराला ओळखणारा कदाचित तुमच्याच घरात बसलेला असेल.