पुण्याईवाचून तारण

कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या माणसाची ख्रिस्ती धर्माशी ओळख होते ती बहुधा दवाखान्यात, नाहीतर शाळेत. घरातल्या कुणाचे तरी ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेले असते. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आणि कोल्हापुरातले मेरी वानलेस हॉस्पिटल ही नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यातून एक समज रुजला आहे : ही माणसे सेवा करतात, पुण्य जोडतात आणि त्या पुण्यावर स्वर्ग मिळवू पाहतात. हा समज आपुलकीतून आलेला असला तरी खरा नाही. हे दवाखाने उभारणाऱ्यांची श्रद्धा नेमकी उलट होती. हजार शस्त्रक्रिया केल्या तरी देवाच्या दारी त्यांचे मोल चढत नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकटच मिळते, असे ते मानत. मग रात्रंदिवस राबले कशासाठी?

या भागातल्या मिशनचा आरंभ करणारे अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 च्या डिसेंबरात कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरला होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मला आणि पुढे 1886 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक ठरला. 1870 मध्ये कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. हा पंथ जॉन कॅल्विनच्या परंपरेतला, आणि मूळ पाप, कृपा व विश्वासाने नीतिमान ठरणे हे त्याच्या शिकवणीचे मर्म. सतराव्या शतकातल्या त्यांच्या 107 प्रश्नांच्या लहान प्रश्नोत्तरीत बायबलातला पहिला माणूस आदाम याचे पतन सुरुवातीलाच येते.

आदामाने देवाची आज्ञा मोडली याची शिक्षा आपल्याला का? ज्याचे कर्म त्याला फळ, हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न पडणारच. त्याचे उत्तर शोधायला सेंट ऑगस्टीनकडे जावे लागते. उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा हा मुलगा. सोळा वर्षांचा असताना एका रात्री टोळक्याबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती झोडपून पळवली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. एखाददुसरे चाखून बाकीचा ढीग पोरांनी डुकरांपुढे टाकला. पुढे बिशप झाल्यावर, इसवी सन 400 च्या सुमारास, आत्मकथन लिहिताना या चोरीवर तो पानेच्या पाने खर्च करतो. त्याला फळाची गोडी नव्हती, चोरीचीच गोडी होती, आणि हेच त्याला आयुष्यभर डाचत राहिले. वाईट आहे हे ठाऊक असूनही, किंबहुना म्हणूनच, ते करावेसे वाटणे हे कुणी शिकवले? माणसाची इच्छाशक्तीच मुळात वाकडी झाली आहे आणि तो स्वबळावर ती सरळ करू शकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

त्याचा समकालीन पेलाजियस याला हे मान्य नव्हते. लेकरू निर्दोष जन्मते आणि मनात आणले तर माणूस देवाची आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे म्हणणे. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते फेटाळले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मधली वाट धरली : आदामाकडून आपल्याला मर्त्यपणा आणि दुबळेपणा मिळतो, त्याचा अपराध नाही. पाळण्यातल्या बाळाला अपराधी म्हणणे मलाही जड जाते, त्यामुळे मला हे मत जवळचे वाटते. पण ऑगस्टीनच्या त्या नासपतीला पेलाजियसकडे उत्तर नाही, हेही तितकेच खरे. बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात तर आदामाची गोष्ट एकटी येतच नाही. एका माणसामुळे सगळे पडले, तसे एकाच्या आज्ञापालनाने सगळ्यांना उभे राहता येते, अशी त्याची जोडमांडणी आहे. पहिला भाग सोडला तर दुसराही हातचा जातो.

हा वाद आपल्याकडेही झाला आहे. रामानुजांच्या परंपरेत त्यावरून दोन तट पडले. एकाच्या मते माणूस माकडाच्या पिल्लासारखा : ते आईला स्वतः घट्ट धरते. दुसऱ्याच्या मते मांजरीच्या पिल्लासारखा : त्याला काहीच करावे लागत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. ऑगस्टीन आणि त्याच्यामागून मार्टिन ल्यूथर हे मार्जारन्यायाचे. मठात उपास, जागरणे, तासन्‌तास पापकबुली करूनही ल्यूथरचे मन निवेना. रोमकरांस पत्र शिकवताना त्याला उमगले, की देव माणसाला त्याच्या पुण्याचा हिशेब पाहून सोडत नाही. ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर विसंबणाऱ्याला तो निर्दोष ठरवतो. 1517 मध्ये पेटलेल्या भांडणात चर्च फुटले. कॅथलिकांनी 1547 मध्ये ट्रेंटच्या सभेत उत्तर दिले : आरंभ कृपेनेच होतो, पण माणसाने तिला साथ द्यायची असते आणि ती त्याला आतून बदलते.

मराठीत ही सारी घालमेल पंडिता रमाबाईंनी स्वतः भोगली. आदामाच्या पतनाची कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्येच ख्रिस्तपुराणात ओवीबद्ध केली होती, पण रमाबाईंची गोष्ट जगलेली आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब तीर्थे हिंडले. पापक्षालनासाठी स्नाने, उपास, दानधर्म सारे झाले, आणि शेवटी दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथे कथा संपावी असे वाटते. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी 1907 च्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे. उपासना, नियम, सत्कृत्ये यांचे जुनेच ओझे नव्या धर्मातही त्या वाहत होत्या. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना दिसले, की धर्म असूनही ख्रिस्त न मिळणे धर्मगुरूच्याही बाबतीत घडू शकते. 1891 च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कमाईची आशा सोडली. त्यानंतरचे त्यांचे काम थक्क करणारे आहे : दुष्काळातून शेकडो मुली उचलून आणणे, केडगावचे मुक्ती मिशन, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल. 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या या भाषांतरावर काम करत होत्या.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंच्या या आयुष्यात आहे. तारण आधी मिळते, काम मागाहून येते. ते कृतज्ञतेने होते, त्यातून काही मिळवायचे उरलेले नसते. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेही याच श्रद्धेने. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून विश्वास मेलेला म्हटला आहे. ल्यूथरला ते पत्र फारसे आवडत नसे. तरीही बायबलात पौल आणि याकोब या दोघांचीही पत्रे आहेत आणि ती एकत्रच वाचावीत, असे माझे ठाम मत आहे. मिशनऱ्यांच्या सेवेवर आमिषाचा आरोप इथे वारंवार झाला. 1893 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेवरही झाला. मला वाटते, सेवेच्या बदल्यात धर्म मागणारा माणूस आधी स्वतःची शिकवण मोडतो. जे आपल्याला फुकट मिळाले, ते दुसऱ्याला मोल लावून कसे द्यायचे?

ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या करून तारण कसे मिळते या प्रश्नावरचे मूलभूत मतैक्य जाहीर केले. 2017 मध्ये विटेनबर्ग येथे कॅल्विनच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळींनीही तिला संमती दिली. कोल्हापूरची जुनी प्रेस्बिटेरियन परंपरा याच कुळातली. ती मंडळी 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. 

ज्या वाचकांना हे मुळातून पाहायचे असेल त्यांनी मराठी बायबलातले रोमकरांस पत्र उघडावे. सोळाच अध्याय आहेत. आधी तिसरा ते पाचवा वाचावा, लगेच याकोबाच्या पत्राचा दुसरा, आणि मग रमाबाईंचे आत्मनिवेदन हाती घ्यावे.