पार्सल वाटेत हरवले, भुर्दंड कोणाचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतून एक नवा जोडधंदा रुजला आहे. घरची हळद, गूळ, बेदाणा, पापड-कुरडया यांचे फोटो मोबाइलवर टाकायचे आणि माल थेट शहरातल्या गिऱ्हाइकाला विकायचा. मध्ये दलाल नाही, अडत नाही, तोलाई नाही. पैसे फोनवरून आधी येतात आणि माल कुरियरने किंवा पोस्टाने मागून जातो. घरातल्या लेकी-सुना हा व्यवहार मोठ्या हुशारीने सांभाळतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण या वाटेवर एक खड्डा आहे आणि पाय पडेपर्यंत तो दिसत नाही.

समजा, तासगावकडच्या एका घरातून पुण्याच्या बाईंनी दिवाळीच्या भेटीसाठी बारा किलो बेदाणा मागवला. ४,८०० रुपये आधीच जमा झाले. सूनबाईने पुडे भरले, खोके बांधले. धाकट्या दिराने ते तालुक्याच्या गावी कुरियरच्या दुकानात नेऊन दिले आणि ३०० रुपये भाडे भरले. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, दिवाळी होऊन गेली. पार्सलचा पत्ता नाही. कुरियरवाला म्हणतो, "वर चौकशी चालू आहे." पुण्याच्या बाई म्हणतात, "ताई, माझे पैसे परत करा."

मग घरातच वाद पेटतो. दीर म्हणतो, "पावती आपल्याजवळ आहे. माल दिला, आपलं काम संपलं. पुढचं कुरियरवाला आणि त्या बाई बघून घेतील." सासूबाई म्हणतात, "अरे, त्यांच्या हातात बेदाणा पडला नाही. मग पैसे कशाचे ठेवायचे?" सूनबाई बिचारी गप्प. महिन्याभराच्या कष्टाची कमाई एका खोक्यापायी जायची वेळ आलेली.

आता तुम्हीच सांगा, खरे कोणाचे?

माल ज्याचा, जोखीम त्याची

आपल्या देशात मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि तो आजही चालतो. त्याचे मूळ सूत्र सोपे आहे. वेगळे काही ठरले नसेल, तर माल ज्याच्या मालकीचा, नुकसानही त्याचेच. म्हणून माल हरवला त्या घडीला तो कोणाच्या मालकीचा होता, एवढेच पाहायचे.

कापडाच्या दुकानातून आपण चार लुगडी जांगड आणतो. घरी दाखवतो, एक ठेवतो, तीन परत करतो. लुगडे पसंत करून ठेवून घेईपर्यंत ते दुकानदाराचेच असते. बेदाण्याच्या खोक्यालाही हाच प्रश्न लावा. पुण्याच्या बाईंची मालकी कधी सुरू झाली? पैसे भरले तेव्हा, कुरियरच्या दुकानात खोके ठेवले तेव्हा, की त्यांच्या दारात पोचले तेव्हा?

याच कायद्याचे ३९ वे कलम सांगते की, माल घेणाऱ्याकडे पाठवायचा आहे असे ठरले असेल, तर वाहतूकदाराच्या ताब्यात दिलेला माल हा साधारणपणे घेणाऱ्याच्याच ताब्यात दिला असे धरायचे. म्हणजे दिराचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत हीच रीत चालत आली आहे. सांगलीच्या पेठेतून व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून माल ट्रकात चढला, बिल्टी झाली, की वेगळा करार नसेल तर पुढची जोखीम घेणाऱ्याची.

पण त्याच कलमात एक अटही आहे. वाहतूकदाराशी करार करताना विकणाऱ्याने मालाचे स्वरूप ध्यानात घेऊन योग्य ती काळजी घेतली पाहिजे. पत्ता अर्धवट लिहिला, मालाची किंमत सांगितली नाही, आणि माल हरवला, तर घेणारा म्हणू शकतो, "तुम्ही कुरियरला दिलात, ते मला दिल्यासारखे मी मानत नाही."

'घरपोच' या एका शब्दाची किंमत

आता सूनबाईची जाहिरात पाहू. फोटोखाली लिहिले आहे, 'उत्तम बेदाणा, घरपोच मिळेल.' हा शब्द आपण सहज लिहून जातो. पण घरपोच म्हटले की माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवण्याचा शब्द दिला. तासगाव ते पुणे हा सगळा रस्ता आपण आपल्या डोक्यावर घेतला. मग कुरियरवाला हा आपला माणूस ठरतो, गिऱ्हाइकाचा नव्हे.

माल हाती पडल्यावर पैसे, असा व्यवहार असेल तर प्रश्न आणखी सोपा. पूर्वी आपण पंचांग आणि पुस्तके व्ही. पी.ने मागवत होतो, त्याचाच हा नवा अवतार. पैसे मिळेपर्यंत माल माझा, असे म्हणून विकणारा हक्क राखून ठेवतो. हक्क राखला की जोखीमही राखली.

शिवाय घरच्या वापरासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकामागे ग्राहक संरक्षण कायदा उभा आहे. नवा कायदा २०१९ सालचा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियमही आले. ठरल्या मुदतीनंतर उशिरा आलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे ते नियम सांगतात. उशिरा आलेल्या मालाची ही कथा, तर न आलेल्या मालाचे काय बोलावे? "मी कुरियरला दिला होता," एवढ्या उत्तरावर ग्राहक आयोगापुढे विकणाऱ्याची सुटका होणे कठीण.

तेव्हा या घरात सासूबाईंचेच खरे. पैसे परत करावेत, नाहीतर दुसरा माल पाठवावा. पण दिराची पावतीही वाया गेलेली नाही. ती गिऱ्हाइकाला दाखवायची नसून कुरियरवाल्याला दाखवायची आहे.

कुरियरवाला किती देणार?

खरी मेख इथे आहे. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ सालचा कायदा आहे, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि दारोदार माल पोचवणाऱ्या कुरियर कंपन्याही त्यात येतात. माल हरवला तर त्यांचा हलगर्जीपणा आपण सिद्ध करत बसण्याची गरज नाही. ही आपल्या सोयीची बाजू.

गैरसोयीची बाजू अशी की, भरपाईला मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर भाड्याच्या दहापट, आणि तीही लिहून दिलेल्या किमतीहून जास्त नाही. आपल्या बेदाण्याचे भाडे ३०० रुपये. दहापट म्हणजे ३,०००. माल ४,८०० चा. कुरियरवाल्याने प्रामाणिकपणे भरपाई दिली तरी १,८०० रुपयांचा खड्डा पडलाच. आणि पावतीवर किमतीचा रकाना कोराच असेल, तर ३,००० साठीही हुज्जत घालावी लागेल.

पावतीच्या पाठीमागची बारीक अक्षरे आपण वाचत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे भारती निटिंग कंपनीचे प्रकरण आले होते. त्यांनी जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी कुरियरने पाठवलेले कागदपत्रांचे पाकीट पोचलेच नाही. त्यापायी झालेल्या नुकसानीबद्दल राज्य आयोगाने सव्वाचार लाखांहून अधिक रुपये देवविले होते. पण पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि खाली सही होती. शेवटी तेवढेच पदरात पडले. सही केली म्हणजे अट मान्य केली, असा न्यायालयाचा निर्वाळा.

पोस्टाचे नियम वेगळे आहेत. स्पीड पोस्टचे पार्सल हरवले, तर भरलेल्या आकाराच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांत जे कमी असेल ते मिळते. म्हणून मोलाचा माल असेल तर खिडकीवरच विमा उतरवावा. चार पैसे जादा जातात, पण झोप चांगली लागते.

आणखी एक गोष्ट गाठीला बांधा. मालवाहतूकदारावर दावा करायचा तर माल नोंदवल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला हरवल्याची लेखी नोटीस गेली पाहिजे. फोनवरच्या "बघतो, सांगतो" मध्ये सहा महिने कसे निघून जातात ते कळतही नाही. एवढ्याचसाठी पंधराव्या-विसाव्या दिवशीच लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

आपण घेणारे असू तेव्हा

आता बाजू पालटून पाहा. फवारणी पंपाचा भाग, मुलांची पुस्तके, घरातला मिक्सर आपणही मोबाइलवरून मागवतो. पुष्कळ गावांत कुरियरचा माणूस वस्तीपर्यंत येत नाही. तो फाट्यावरून फोन करतो आणि आपण रानातून सांगतो, "स्टँडवरच्या टपरीवर ठेव, संध्याकाळी नेतो." इथेच घात होतो. आपण सांगितलेल्या माणसाच्या हाती माल पडला, की तो आपल्याच हाती पडला असे ठरू शकते. टपरीवरून पार्सल गेले तर मग विक्रेत्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

तीच गोष्ट ओटीपीची. मोबाइलवर येणारा तो आकडा म्हणजे आपली सही आहे. न पाहिलेल्या कागदावर आपण सही करत नाही ना? मग पार्सल हातात आल्याशिवाय आकडाही सांगू नका. आणि आपण न सांगता पार्सल भलत्याकडेच ठेवले, किंवा मोबाइलवर 'पोचले' दिसते पण आपल्याला मिळालेच नाही, तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. कोणाच्या सहीने दिले, कोणता आकडा घेतला, याचा पुरावा मागा.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्यालाही कुरियरविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते. सूनबाईंनी हे ध्यानात ठेवावे.

खोके बांधण्यापूर्वी

माल घालवण्यापूर्वी एवढे करा. गिऱ्हाइकाला एका ओळीत लिहून पाठवा: वाटेत हरवले तर जबाबदारी कोणाची, आणि पैसे परत मिळणार की दुसरा माल. पत्त्यात गाव, तालुका, पिनकोड आणि चालू फोन नंबर तपासा. खोके बांधतानाचा आणि वजनकाट्यावरचा फोटो काढा. पावतीवर मालाचे नाव आणि खरी किंमत आपल्यासमोर लिहून घ्या. हजार-दोन हजारांच्या वर माल असेल तर विमा किंवा जादा जोखमीचा दर विचारा आणि तो खर्च मालाच्या किमतीतच धरा. पावती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका. तिचा फोटो काढून गिऱ्हाइकालाही पाठवा.

आधी लिहावे, मग द्यावे, असे आपली जुनी माणसे सांगत. सावकाराच्या वहीचे चटके सोसून आलेले ते शहाणपण आहे. पार्सल हरवते वाटेत, पण भुर्दंड कोणावर पडणार हे ठरते ते आपल्या ओसरीवर, खोके बांधताना.

त्या तासगावच्या घरातही शेवटी असेच व्हावे. पुण्याच्या बाईंना दुसरा बेदाणा जावा आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी. दिराने पावती घेऊन कुरियरच्या दुकानात लेखी नोटीस द्यावी. १,८०० रुपयांचा चटका बसेल खरा. पण ज्या गिऱ्हाइकाला एकदा हरवलेल्या मालाचा मोबदला मिळाला, ते पुढच्या दिवाळीला दुसरे दार शोधत नाही. आणि सूनबाईच्या पुढच्या पावतीवर किमतीचा रकाना कोरा राहणार नाही.