बालबाजारात परभाषा

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव, नदीच्या दरडीत सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि तिच्यासोबत मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे, देशोदेशीच्या भूशास्त्रज्ञांच्या दप्तरी केव्हाच दाखल झाले आहे. त्या राखेचा संबंध सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीशी जोडला जातो, तिच्या वयाविषयी विद्वानांत अद्याप वाद आहेत. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्याही याच मुलखात विखुरलेल्या आहेत. जग असे शिवेला येऊन ठेपले असता येथील कुशाग्र पोराला परभाषा मात्र शहर गाठल्यावाचून मिळू नये, हे मला खटकते.

अशा प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार डॉ. वि. वि. पेंडसे यांनी 1962 साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापून मांडला. मानसशास्त्रज्ञ गिल्फर्डच्या बुद्धिप्रतिमानाचा आधार घेणाऱ्या तेथील चाचण्या शास्त्रशुद्ध खऱ्याच. पण त्या चाचण्यांच्या मेजापर्यंत खेड्यातली किती मुले पोहोचणार?

खेड्यात निराळी चाचणी चालू असते, तिला कोणी चाचणी म्हणत नाही एवढेच. जिल्हा परिषदेच्या शाळांतून भरणाऱ्या बालबाजारात, ज्याला कोठे बाल आनंद मेळावा म्हणतात, घरच्या मेथीच्या जुड्या गोणपाटावर मांडून बसलेली चौथीतली मुलगी गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की क्षणभर गप्प राहते, शेजारच्या पोराचा भाव कानोसा घेऊन ऐकते, मग दोन जुड्यांवर थोडी सूट देऊन माल खपविते आणि सुट्या पैशांचा मेळ वहीतल्या जमाखर्चाशी घालते. हिशेब, धोरण आणि वाक्चातुर्य एकाच बैठकीत दाखविणारी अशी परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

या बाजारात परभाषा आणावी, असे सुचविण्याचे धाडस गाडिवाट गावामुळे होते. छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे पंचवीस किलोमीटरवरील या गावच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती परकी भाषा शिकावीशी वाटते असे विचारले, तेव्हा यंत्रमानव आणि तंत्रविद्येच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. पुढे वर्ग दूरस्थ पद्धतीने चालले, आणि ज्यांना ते ऐकता आले त्या मुलांनी ‘विषयमित्र’ होऊन इतरांना धडे समजावून दिले.

जपानी तर बाजारासाठीच घडल्यासारखी आहे. क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीचे प्रत्ययही शब्दामागूनच लागतात, त्यामुळे मराठी पोराला निम्मा रस्ता ओळखीचा. खरी गंमत मोजणीत आहे: टोमॅटो मोजावयाचे ते ‘इक्को, निको, सान्को’ असे, आणि लांबट काकड्या मात्र ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’. फळ्यावर हे कोष्टक घोकविले तर मुले कंटाळतील. गिऱ्हाइकाने ‘इकुरा देसु का’ म्हणून भाव विचारला आणि मोजणी चुकताच सौदा फिसकटला, की तेच कोष्टक घरी गेल्यावरही डोक्यात घोळत राहील. मात्र उच्चार नीट करून घेणारा जाणता शिक्षक, प्रत्यक्ष वा दूरस्थ, पाठीशी हवा. नुसत्या उत्साहाने चुका पक्क्या होतात.

म्हणून बोरी आणि आसपासच्या शाळांतील गुरुजनांना विनंती एवढीच, की पुढच्या बालबाजारात एक पाल जपानीसाठी राखून ठेवावे, त्यात कोण बसेल हे मुलांनाच ठरवू द्यावे, आणि त्या दिवशीची रोजकीर्द शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी.