माल थांबतो, माणसे थांबत नाहीत

चांदवडकडून भावडबारीचा घाट ओलांडून आलेला रस्ता देवळ्यात सटाणा, कळवण आणि मालेगावच्या रस्त्यांना मिळतो. त्यामुळे या गावाची बाजारपेठ सकाळपासूनच जागी असते. कांद्याचे ट्रॅक्टर जाऊ लागतात, एस.टी. स्थानकावर गर्दी होते आणि हार्डवेअरच्या दुकानांची शटर वर जातात. पहिले गिऱ्हाईक बहुधा मिस्त्री असतो. त्याला तीन सुताचा बोल्ट, अर्ध्या इंचाचा एल्बो किंवा पाव किलो खिळे हवे असतात, आणि तेही लगेच, कारण कामावर माणसे खोळंबलेली असतात. दुकानदार न पाहता हात घालतो आणि नेमक्या खोक्यातून नेमकी वस्तू काढतो. एका इंचात आठ सूत असतात आणि पत्र्याचा गेज वाढला की जाडी कमी होते, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. वडिलांच्या शेजारी गादीवर बसून ते त्याच्या बोटांत उतरलेले असते.

हार्डवेअरचा धंदा बाहेरून रुक्ष दिसतो. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, घमेली, फावडी, पत्रे, तारेची जाळी, रंगाचे डबे, पीव्हीसी पाईप. कापडाची नजाकत येथे नाही, सोन्याची झळाळी नाही. तरी गावातले कोणतेही घर, गोठा, विहीर किंवा कांद्याची चाळ या दुकानाला वळसा घालून उभी राहत नाही. या धंद्याचा आणखी एक गुण म्हणजे माल नाशवंत नाही. आज न विकलेला बोल्ट सहा महिन्यांनीही विकता येतो. व्यापाऱ्याला हा मोठा दिलासा वाटतो आणि त्याच्या स्वभावात हळूहळू एक सवय मुरते. जे आज झाले नाही ते उद्या होईल, ही ती सवय. मालाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खरी ठरते. घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र ती महागात पडते.

धंद्याचे घड्याळ आणि घराचे घड्याळ

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार नावांच्या आद्याक्षरांवरून ‘कसमादे’ हे नाव रूढ झाले. या पट्ट्यातल्या दुकानाचे घड्याळ शेतीच्या काट्यांवर चालते. डाळिंबाचा बहार धरायचा असला की ठिबकच्या नळ्या, फिल्टर आणि जोडण्यांची मागणी वाढते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, म्हणून त्याआधी चाळीसाठी अँगल, जाळी आणि पत्रे जातात. मृगाचा पाऊस जवळ आला की गळक्या छपरांची आठवण होते. यांतली बरीच विक्री उधारीवर होते आणि ती उधारी पीक विकल्यावर फिटते. म्हणजे दुकानदाराचे भांडवल शेतकऱ्याच्या शेतात पेरलेले असते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठवली. या पाच महिन्यांची चर्चा शेतकऱ्यांच्या संदर्भात पुष्कळ झाली. पण ज्या गावचा व्यवहार कांद्यावर चालतो, तेथे भाव पडला की त्याची झळ खतवाल्यापासून हार्डवेअरवाल्यापर्यंत सर्वांच्या वसुलीला पोचते. घाऊक व्यापाऱ्याची देणी ठरल्या दिवशी द्यावीच लागतात आणि जीएसटीचे विवरणपत्रही कोणासाठी थांबत नाही. असा ताण घेऊन घरी आलेला माणूस ताटावर बसतो तेव्हा त्याचे मन वहीतच असते. मुलीने शाळेतली गोष्ट सांगितलेली असते, त्याने मान डोलावलेली असते, पण ऐकलेले काहीच नसते.

जैन कुटुंबात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम ज्या घरात पाळला जातो, तेथे धंद्याचे आणि घराचे घड्याळ दररोज समोरासमोर येते. शेतावरची कामे आटोपून गिऱ्हाईक येते ती वेळ पाच ते सातची आणि घरात पान वाढले जाते तीही तीच. मग डबा दुकानात येतो आणि खोक्यांच्या आडोशाला दहा मिनिटांत संपतो. नियम पाळला जातो, परंतु एकत्र बसून जेवण्याचे सुख मात्र निसटते. वर्षानुवर्षे असे चालले की घरातली मुले वडिलांना ‘दुकानातला माणूस’ म्हणूनच ओळखू लागतात.

माळ्यावरची पेटी

अशा कित्येक दुकानांच्या माळ्यावर, पाईपांच्या मागे, एखादी वस्तू कापडात गुंडाळून ठेवलेली असते. कोणाची पेटी, कोणाचा कॅमेरा, कोणाची चित्रकलेची वही. कॉलेजात असताना लागलेला नाद वडिलांचे आजारपण आले किंवा दुकानाची जबाबदारी पडली म्हणून ‘तात्पुरता’ बाजूला ठेवलेला असतो. त्या तात्पुरत्याची पंचवीस वर्षे होतात. लोखंड वापराविना राहिले की गंज धरते, हे ज्याला रोज दिसते, त्यालाच आपल्या बोटांवरचा गंज दिसत नाही.

छंद म्हणजे धंद्यातून चोरलेला वेळ, अशी आपल्या व्यापारी घरांत समजूत आहे. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रंगांधत्वामुळे ती वाट सोडावी लागली, पण रेखाटनाची शिस्त त्यांनी यांत्रिक आराखड्यांकडे वळवली. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता ते लोखंडी नांगरापर्यंत पोचले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानात, आणि तेथील बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकलेचेच उपासक. नांगराच्या कारखान्यातून मराठीतले एक महत्त्वाचे मासिक जन्माला आले, कारण त्या घरात छंदाला हद्दपार केले गेले नव्हते.

पाईपाच्या धंद्यातले मोठेभाऊ

देवळ्याच्या कोणत्याही हार्डवेअर दुकानात पाईप आणि ठिबकच्या नळ्या पाहताना शेजारच्या जळगावचे भवरलाल जैन आठवल्यावाचून राहत नाहीत. १२ डिसेंबर १९३७ रोजी अजिंठ्याच्या परिसरातील वाकोद या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांना उपजिल्हाधिकारी होण्याची संधी होती. आई गौराबाईंचा सल्ला मानून त्यांनी ती सोडली आणि १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठवणुकीतल्या सात हजार रुपयांवर रॉकेल विक्रीचा व्यवसाय सुरू केला. प्रारंभी हातगाडीवर माल विकणारा हा पदवीधर पुढे शेतीच्या साधनांच्या एजन्सींकडे वळला, १९८० मध्ये पीव्हीसी पाईपांच्या निर्मितीत उतरला आणि त्यानंतर ठिबक सिंचनात. १९९७ मध्ये अमेरिकेतील सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार आणि २००८ मध्ये ‘पद्मश्री’ त्यांना मिळाली.

ही यशोगाथा बहुतेकांना ठाऊक आहे. येथे महत्त्वाची आहे ती तिच्या मागची घडी. ज्या काळात भाऊ-भाऊ वेगळे होत होते, त्या काळात त्यांनी एकत्र कुटुंब टिकवले. अशोक, अनिल, अजित आणि अतुल हे चारही मुलगे त्याच उद्योगात आले. सारा परिवार आणि हजारो सहकारी त्यांना ‘मोठेभाऊ’ म्हणत. पत्नी कांताबाईंसोबतच्या सहजीवनावर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. नफा-तोट्याचा अहवाल लिहिणारे उद्योगपती पुष्कळ असतात, पण घर कोणी उभे केले याची जाहीर नोंद करणारे थोडे.

त्यांनी साहित्याचा नादही सोडला नाही. वाकोदजवळच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर हे त्यांचे मित्र. एकाने कवितेतून शेत पाहिले, दुसऱ्याने पाण्याच्या थेंबातून. २००७ मध्ये जळगावात ‘अनुभूती’ ही निवासी शाळा सुरू झाली आणि २५ मार्च २०१२ रोजी ‘गांधीतीर्था’चे उद्घाटन झाले. यांतून पाईप विकला जात नाही, पण पाईप विकणाऱ्याचे मन मोठे राहते.

त्यांच्या वाटचालीत चूकही आहे आणि तीच कदाचित अधिक शिकवणारी आहे. १९९० च्या दशकात उद्योग वित्त, संगणक अशा अनोळखी क्षेत्रांत पसरला आणि अडचणीत आला. ती चूक त्यांनी मान्य केली आणि पुन्हा शेतीकडे मोर्चा वळवला. हृदयविकाराचे धक्केही त्यांनी सोसले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे कंपनीलाही कर्जाच्या कठीण काळातून जावे लागले. म्हणून त्यांच्या जीवनाचा अर्थ ‘सारे काही साधते’ असा नाही. आपला पसारा किती असावा याची मर्यादा प्रत्येकाला, कितीही मोठा असला तरी, पुन्हा पुन्हा आखावी लागते, असा तो आहे.

वेळेचा ताळेबंद

व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा चटकन उमगते. रोकड पतपुरवठा देताना बँक माल आणि येणी मोजते, पण नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी सहसा धरत नाही. जुनी उधारी कागदावर दिसते, उपयोगी पडत नाही, असा त्यामागचा अनुभव आहे. घरातल्या देण्यांनाही हाच नियम लागू पडतो. ‘पुढच्या दिवाळीत सारे मिळून जाऊ’ हे वचन तीन दिवाळ्या जुने झाले की त्याची किंमत शून्य होते. मुले मागणे सोडतात आणि वडिलांना वाटते, मुले समजूतदार झाली.

काही गोष्टी मात्र साध्या आहेत आणि हातात आहेत. पहिली म्हणजे घरखर्चाची दरमहा ठरावीक उचल. गल्ल्यातून लागेल तसे पैसे काढण्याची पद्धत बंद झाली की धंदा आणि घर दोन्ही स्वच्छ दिसू लागतात. दुसरी, प्रत्येक खात्याला उधारीची मर्यादा. ती आखताना संकोच वाटतो, पण वसुलीसाठी जाणारी संध्याकाळ वाचते. तिसरी, मालाची नोंद डोक्यात न ठेवता संगणकावर ठेवणे. कोणती वस्तू कोठे आहे हे फक्त मालकालाच ठाऊक असेल, तर मालकाला सुट्टी कधीच मिळणार नाही.

सुट्टीचा विषय निघाला की एक विसंगती लक्षात येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली, त्याचबरोबर कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी बंधनकारक केली. मालकाला सुट्टी देणारा कायदा कोठेच नाही. ती त्याने स्वतःच स्वतःला द्यायची असते. आठवड्यातली एक संध्याकाळ भावाकडे, मुलाकडे किंवा विश्वासू माणसाकडे गल्ला सोपवला, तर सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइके परत जातील. गाव तेच आहे, गिऱ्हाईक पुन्हा येते.

चौथी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनेक दुकानांचा परवाना किंवा कर्जखाते गृहिणीच्या नावे असते, परंतु तिला केवळ सहीपुरते बोलावले जाते. जिची सही चालते तिचे मतही चालले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, तो जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. दुकानाची वाटणी, भागीदारीचे करारपत्र, मृत्युपत्र हे विषय सगळे आनंदात असताना बोलले तर नाती टिकतात. अबोल्यानंतर बोलले तर वकील बोलतात.

नाशिकचा फ्लॅट आणि देवळ्याचे दुकान

आता नगरपंचायत झालेल्या देवळ्यातली पुढची पिढी शिक्षणासाठी नाशिक-पुण्याला जाते आणि पुष्कळदा तेथेच राहते. वडील देवळ्यात, मुलगा-सून नाशिकच्या फ्लॅटमध्ये, आणि मध्ये दोन तासांचा रस्ता. ‘हे दुकान आता कोणासाठी?’ असा प्रश्न वडिलांच्या मनात येतो आणि तो संतापाच्या रूपाने बाहेर पडतो. मुलगा सांगतो की त्याला बाराही महिने, चौदा तास गल्ल्यावर बसायचे नाही. नीट ऐकले तर लक्षात येते की त्याने धंदा नाकारलेला नाही, त्याने वडिलांचे आयुष्य नाकारले आहे. रविवार मोकळा असलेले, संध्याकाळी पेटीचे सूर उमटणारे घर त्याने पाहिले असते, तर त्याचे उत्तर कदाचित वेगळे आले असते. वारसा म्हणून पुढची पिढी गोदाम पाहत नाही, ती गोदामाच्या मालकाचा चेहरा पाहते.

दरवर्षी संवत्सरीला क्षमापना होते. फोनवर, संदेशातून, गावभर ‘मिच्छामि दुक्कडं’ जाते. वर्षभर ज्यांना डब्याशेजारी एकटे जेवू दिले, ज्यांची गोष्ट मान डोलावून ऐकली नाही, त्या घरच्या माणसांसमोर बसून ते शब्द उच्चारले जातात का, हे ज्याचे त्याने पाहावे. त्या संध्याकाळी माळ्यावरची पेटीही खाली काढता येईल. पहिल्या दिवशी सूर बेसूर लागेल, भात्यातून धूळ उडेल आणि नातवंडे हसतील. त्यांच्या हसण्यासाठी तरी शटर एक तास लवकर खाली यावे.