सात वर्षं नोकरी, पण मोजली जातात पाच!

ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी आयटीवाल्यांचं स्किल असेसमेंट ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस करते. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. तुम्ही कुशल कधी झालात, याची एक तारीख एसीएस ठरवते आणि अनुभव त्यानंतरचाच धरते. पदवी कॉम्प्युटरची आणि काम त्याच्याशी जुळणारं असेल, तर साधारणपणे आधीची दोन वर्षं वजा होतात. सातातून दोन गेली, राहिली पाच, म्हणजे पीआरच्या गुणपद्धतीत १० गुण. काम पदवीशी जुळत नसल्यामुळे चार वजा झाली तर उरतात तीन, आणि गुण फक्त ५! अर्जाला किमान ६५ गुण लागतात, तिथे हा फरक फार मोठा आहे.

मेकॅनिकल करून आयटीत आलेले आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंगचा मार्ग आहे. त्यात दोन प्रकल्पांचे अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहायचे असतात. कृपया कुणाचाही अहवाल उतरवू नका, चोरी तपासली जाते.

खरी दमछाक होते ती अनुभवपत्रासाठी. माझ्या जुन्या कंपनीने दिलेल्या पत्रात हुद्दा, तारखा आणि 'वर्तणूक चांगली', एवढंच होतं. ते चालत नाही. लेटरहेडवर रोजचं काम तपशिलात हवं: कोड कशात लिहिला, टेस्टिंग कुणी केलं, पूर्णवेळ होतात का. एचआर अडून बसलं, तर तेव्हाच्या वरिष्ठांकडून किंवा सहकाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र घेता येतं. सोबत पगारपत्रकं, फॉर्म १६ जोडा.

एसीएसचं निकालपत्र दोन वर्षं चालतं. त्यामुळे पीआरच्या अर्जासाठीची इंग्रजीची परीक्षा लांबवू नका.