हाडे बरानगरात, नाव कोट्याचे

कोलकात्याच्या डमडम विमानतळावर उतरलेले मराठी पाहुणे व्हिक्टोरिया पाहतात, दक्षिणेश्वरला जातात आणि परततात. त्याच दक्षिणेश्वरच्या अलीकडे बरानगर लागते. तिथे बी. टी. रोडवर भारतीय सांख्यिकी संस्था आहे. आकडेमोडीच्या या माहेरघरी, भूविज्ञान संग्रहालयात, सुमारे १४ मीटर लांबीचा डायनोसॉर उभा आहे. तो आपल्या शेजारचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बारापासॉरस टागोराय हे त्याचे नाव. मराठी कानाला बारा पायांचा प्राणी वाटावा. पण यातला 'बारा' म्हणजे बंगालीतला 'बडा', आणि 'पा' म्हणजे पाय. मांडीचे एकटे हाड १.७ मीटरचे, उभे केले तर माणसाएवढे. १९६१ साली उत्खनन चालले होते आणि ते रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते. म्हणून आडनाव टागोरांचे.

सांख्यिकीवाल्यांना हाडे कशाला हवीत? संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना निसर्गविज्ञानापासून तुटलेले संख्याशास्त्र मान्य नव्हते. १९५७ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन आल्या आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या गाळाच्या खडकांचा शोध सुरू झाला. १९५८ मध्ये पहिली हाडे दिसली. पोचमपल्ली हे ते गाव, याच खोऱ्यातले. जैन, कुट्टी, रॉयचौधरी आणि चटर्जी यांनी या प्राण्याचे शास्त्रीय नामकरण केले, ते थेट १९७५ मध्ये. खोदणे सोपे, हाड दगडातून सोडवणे हे खरे चिकाटीचे काम!

ज्या खडकात ही हाडे होती, त्याला जगभर 'कोटा शैलसमूह' म्हणतात. राजस्थानातला शिकवण्यांचा कोटा नव्हे. हे कोटा सिरोंचाजवळचे, गडचिरोली जिल्ह्यातले खेडे. इथल्या चुनखडीतले जाड, चकचकीत खवल्यांचे मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच लंडनच्या अभ्यासकांपर्यंत पोचले होते. पुढे याच खडकांत भारतातला पहिला जुरासिक सस्तन प्राणी मिळाला, तोही दाताएवढ्या पुराव्यावरून. १९८१ मध्ये त्याला कोटाथेरियम हाल्डानी म्हटले गेले: पहिले नाव आपल्या खेड्याचे, दुसरे बरानगरच्याच संस्थेत काही काळ काम केलेल्या जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचे.

पोचमपल्लीला सुमारे ३०० हाडे निघाली, किमान सहा प्राण्यांची. शेजारी झाडांचे दगड झालेले मोठे ओंडके. त्यावरून अभ्यासक असे मांडतात, की जुरासिक काळात, आजपासून सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, एक कळप पुरात सापडला. प्रेते आणि उन्मळलेली झाडे एकत्र वाहत आली, पाण्याचा जोर ओसरला तिथे अडकली आणि गाळाखाली गेली. पावसाळ्यात प्राणहिता पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा सांगाडा कोलकात्यात आहे याचे मला वाईट वाटत नाही. ज्यांनी खपून काढला, त्यांनी सांभाळला. वाईट एवढ्याचेच वाटते, की कोट्याचे नाव परदेशी भूवैज्ञानिकाला ठाऊक असते आणि आपल्या शाळकरी पोराला नसते. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे. कोलकात्याला जमणार नसेल, तर निदान तिथे तरी मुलांना न्या.

बारापासॉरसचे दात मिळाले, कडांना जाडसर कंगोरे असलेले, पाला ओरबाडण्याजोगे. कवटी मात्र अजून सापडलेली नाही.