तरुणांचा विनोद आणि वाचकांची सरमिसळ

महाविद्यालयाच्या कट्ट्यावर एखादा तरुण ज्या शब्दांत परीक्षेची व स्वतःच्या फजितीची थट्टा करतो, ते शब्द तो घरी आजोबांपुढे उच्चारीत नाही. यात ढोंग नाही. अर्विंग गॉफमन यांनी ‘द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ’ (१९५६) या ग्रंथात ही गोष्ट नाट्यप्रयोगाच्या परिभाषेत मांडली आहे. प्रत्येक व्यक्ती भिन्न प्रेक्षकांपुढे भिन्न भूमिका वठविते, आणि हे प्रेक्षक परस्परांपासून विभक्त राहावेत अशी दक्षता घेते. भिंती, अंतर आणि वेळ ही या विभागणीची साधने होत.

तरुण आपली दिनचर्या, आवडीनिवडी व विनोद इंटरनेटवर मांडू लागले, की नेमकी हीच साधने दुबळी होतात. मित्र, मावशी, शिक्षक आणि उद्या नोकरी देणारा मालक हे सर्व एकाच मजकुराचे वाचक ठरू शकतात. अ‍ॅलिस मार्विक व डॅना बॉइड यांनी २०११ मधील निबंधात ट्विटरच्या संदर्भात या स्थितीचे विवेचन केले. त्यांनी वापरलेल्या संज्ञेस मराठीत ‘संदर्भविलय’ म्हणता येईल.

संदर्भविलयाची झळ विनोदास विशेष लागते. साधी माहिती परक्यासही कळते. थट्टा कळण्यास मात्र बोलणाऱ्याचा स्वर, मुद्रा आणि उभयतांच्या समान आठवणी आवश्यक असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचविला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच. परंतु असे चिन्ह ‘ही थट्टा आहे’ एवढेच सांगते. तिचे मर्म सांगू शकत नाही.

तरुण मात्र या अडचणीतूनही वाट काढतात. बॉइड यांच्या ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ (२०१४) या ग्रंथात एका सतरा वर्षांच्या मुलीचे उदाहरण आहे. प्रेमभंगाने खिन्न झालेल्या या मुलीने फेसबुकवर ‘लाइफ ऑफ ब्रायन’ (१९७९) या विनोदी चित्रपटातील एका गीताचे शब्द लिहिले. शब्द आनंदी असल्याने आईस मुलगी सुखात आहे असे वाटले. ते गीत चित्रपटात मृत्यूच्या छायेत गाइले जाते हे मैत्रिणींना ठाऊक होते. त्यांनी तत्काळ तिची विचारपूस केली. मजकूर सर्वांपुढे होता, अर्थ मात्र मोजक्यांपुरता राहिला.

अशी सावधगिरी प्रत्येक वेळी साधत नाही, आणि न साधल्यास किंमत मोठी असू शकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी व त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली. तो मजकूर विनोद नव्हता; परंतु ओळखीच्यांत मांडलेला विचार अनोळखी वाचकांपुढे गेला की काय होते, हे त्या घटनेने दाखविले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ मध्ये मजकूर ‘त्रासदायक’ असणे हाही एक निकष होता. म्हणजे लिहिणाऱ्याचा अपराध वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत असे. एका विधिशाखेच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले.

अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. तरुणांचे असे लेखन वाचताना तोही बहुधा अनाहूत वाचकच असतो. ते कोणासाठी लिहिले गेले याचा शोध घेतल्यावाचून त्यावरून तरुण पिढीच्या उथळपणाविषयी वा नैराश्याविषयी काढलेले निष्कर्ष, वरील उदाहरणातील आईच्या समजुतीइतकेच, चुकीचे ठरण्याचा संभव आहे.